चुकांची नोंदवही : बेळगावातल्या एका प्रकाशनाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

सकाळपासून पाऊस. अकराच्या सुमारास नंदगडहून एक वयस्कर गृहस्थ आले. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात गुंडाळलेली. स्वतः चिंब, पुस्तक कोरडं. सीमाभागाच्या इतिहासावरचं आमचंच पुस्तक होतं. खूण घातलेलं पान उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं : ‘संगोळ्ळी रायण्णा यांना बेळगावात फाशी देण्यात आली.’ रायण्णा म्हणजे कित्तूरच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेले वीर.

“बेळगावात न्हवं. आमच्या नंदगडाजवळ, वडाच्या झाडाला. २६ जानेवारी १८३१. आमच्याकडं शाळेतल्या पोरास्नी ठावं हाय.”

चूक उघड होती. वाईट वाटलं ते पुढच्या बोलण्यानं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हेच फोनवर सांगितलं होतं आणि ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असं उत्तर मिळालं होतं. तो फोन मीच घेतला होता. दुसरी आवृत्ती गेल्या वर्षी निघाली, तीच ओळ घेऊन.

पुस्तक गावच्या शाळेच्या कपाटात आहे, पोरं त्यावरून निबंध लिहितात, एवढं सांगून ते चहा न घेता खानापूरच्या बसला गेले.

संध्याकाळी अण्णांशी बोललो. प्रकाशन त्यांनी उभं केलं, आता संपादनाचं माझ्याकडे आहे. मागणी एकच केली : आपण कोणत्या नियमांनी पुस्तक काढतो आणि चुकलो तर काय करतो, हे लिहून सगळ्यांसमोर ठेवायचं. अण्णा म्हणाले, “लिही. पण जे पाळता येईल तेवढंच लिही.” सहा महिन्यांची मुदत घेतली.

१२ जून

जुन्या तक्रारी गोळा केल्या. त्यांना जागाच नव्हती. काही पोस्टकार्डं टेबलाच्या खणात, काही मजकूर दिनदर्शिकेच्या पाठीवर, काही माझ्या आणि डीटीपी करणाऱ्या ताईंच्या फोनवर. आठवून, शोधून ३७ झाल्या. एक जाड वही आणली आणि क्रमांक घातले : आलेली तारीख, कोणाकडून, कोणतं पुस्तक, कोणतं पान, आम्ही काय केलं. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहिला.

निम्म्याहून जास्त ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि अक्षर गळाल्याच्या. त्या पुढच्या छपाईत निघतात. उरलेल्या तथ्याच्या, माणसांच्या आणि पैशाच्या. माणसांच्या चार आहेत, त्यांना लाल खूण केली.

१८ जून

कायद्याचं वाचन. आपल्यावर बाहेरून कोणाचा अंकुश आहे का, हे पाहायचं होतं.

प्रेस कौन्सिल १६ नोव्हेंबर १९६६ पासून काम करू लागलं, आज ते १९७८च्या कायद्याखाली चालतं. वृत्तपत्रांना आणि वृत्तसंस्थांना ते समज देऊ शकतं, ताशेरे मारू शकतं, दंड करू शकत नाही. पुस्तकं त्याच्या कक्षेत येत नाहीत. पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-गाव छापायची सक्ती १८६७च्या कायद्यात होती. तो रद्द होऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, तो नियतकालिकांपुरता आहे. म्हणजे बदनामीचा खटला किंवा कॉपीराइटचा दावा सोडला तर पुस्तकातल्या चुकीबद्दल वाचकानं जायचं कुठं? आमच्या दुकानाच्या काउंटरवर, आणि तिथं ‘पुढच्या आवृत्तीत बघू’.

आणखी एक सापडलं. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रसिद्धीपासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. आम्ही कित्येक वर्षांत पाठवलेल्या नाहीत. दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, त्यामुळे कोणी विचारतही नाही. पण चार ठिकाणी प्रत राहिली तरच पन्नास वर्षांनी कोणी आमची चूक आम्ही छापली तशी वाचू शकेल. नियमात घेतलं. मागची थकबाकी पाठवायला ताईंनी यादी सुरू केली.

२७ जून

निपाणीला गेलो. लाल खुणेतली पहिली तक्रार.

विडी कामगार बायकांच्या आठवणींचं पुस्तक आम्ही काढलं होतं. विषय मोलाचा. निपाणीचं नाव तंबाखूनं घडलं, १९८१चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आणि त्यातला गोळीबार लोकांच्या तोंडी अजून आहे. त्या तंबाखूच्या विड्या वळणाऱ्या बायकांबद्दल मात्र फार थोडं छापलं गेलं. पुस्तकातल्या एका आजींनी कर्जाची आणि नवऱ्यानं घर सोडल्याची हकिगत सांगितली होती. लेखकानं वहीत उतरवून घेतली, वाचून दाखवली, आजींनी मान डोलावली. नाव-गावासकट छापली. नातीचं लग्न जुळत होतं, समोरच्या घरच्यांनी ते पान वाचलं.

आजी चिडल्या नाहीत. उंबऱ्यात बसून सुपातला तंबाखू निवडत म्हणाल्या, “सांगितलं व्हतं मीच. पण सांगणं येगळं आन् बाजारात मांडणं येगळं, हे मला कुणी इचारलं न्हाई.”

लेखकाला दोष देऊन सुटता येणार नाही. हस्तलिखित माझ्या हातून गेलं. मान डोलावल्याला मी संमती धरलं.

परतीच्या बसमध्ये नियम लिहिला : ज्याची खासगी हकिगत आहे त्याला छापण्याआधी ते पान छापल्या रूपात वाचून दाखवायचं, वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर. नाव घालायचं की बदलायचं हे तेव्हा विचारायचं. हे पुस्तक कोण कोण वाचेल तेही सांगायचं. फर्मे, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायची पानं, छापायला जाईपर्यंत नकार देता येईल. छापल्यानंतर नकार आला तर उरलेल्या प्रती थांबवायच्या, खर्च प्रकाशनाचा.

३० जून

अण्णांनी त्या पुस्तकाच्या शिल्लक प्रती दुकानातून काढायला लावल्या. एका शब्दानं वाद घातला नाही. आजींचं नाव आणि गाव बदलून तो एक फर्मा पुन्हा छापायचा, बाइंडरमामा प्रती उसवून शिवतील.

११ जुलै

रायण्णाचं प्रकरण पुन्हा तपासायला घेतलं. एक चूक कळली की शेजारच्या पानावर भरवसा उरत नाही. दुसरी निघालीच : धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या लढाईत पडला तो दिवस डिसेंबर १८२४ मधला दिला आहे. तो २३ ऑक्टोबर १८२४. डिसेंबरातल्या दुसऱ्या चढाईशी गल्लत झाली. लेखक मान्य करतात. हस्तलिखितात संदर्भ होता का, असं त्यांनी विचारलं. नव्हता, आणि आम्ही मागितला नव्हता.

आज एक मित्र सहज बोलून गेला : “रायण्णाची तारीख-जागा त्यांची ते बघतील की. आपण मराठी पुस्तकं काढतो.” त्याच्याशी भांडलो नाही, पण बोलणं डोक्यातून जात नाही. गेल्या काही वर्षांत या शहरात पुतळ्यांवरून काय काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अशा गावात मराठी प्रकाशन रायण्णाच्या फाशीची जागा चुकवतं आणि सांगूनही सुधारत नाही, तर कन्नड शेजाऱ्यानं त्याचा अर्थ काय लावावा? नंदगडच्या त्या गृहस्थांची मातृभाषा मराठी. त्यांना तो वड आपला वाटतो, म्हणून ते पावसात आले.

१९ जुलै

गावांच्या नावांचा नियम. दोन तास गेले, पण लागणारच होते. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे. मराठी मजकुरात आम्ही बेळगाव लिहिणार, जसं घरात म्हणतो तसं. पुस्तकाच्या नोंदणीचा आणि जीएसटीचा पत्ता जिथं छापतो तिथं सरकारी नाव. मूळ कागदातला उतारा असेल तर त्या कागदात जे आहे ते, अक्षर न बदलता. आणि हे असं का, ते पुस्तकाच्या सुरुवातीला दोन ओळींत सांगायचं, म्हणजे ना कोणाला वाटेल आम्ही लपवतोय, ना कोणाला वाटेल आम्ही डिवचतोय.

५ ऑगस्ट

सर्वांत अवघड दिवस.

सीमाप्रश्नावरच्या नव्या पुस्तिकेचं प्रूफ. एका पानावर ‘८१४ गावे’, तीन पानांनी ‘८६५ गावे’. महाराष्ट्रात यावीत अशी मागणी असलेल्या गावांचे हे आकडे, दोन्ही आमच्या ओळखीचे. ८१४ वर्षानुवर्षं भाषणांत आणि फलकांवर राहिला. महाराष्ट्र विधिमंडळानं २७ डिसेंबर २०२२ ला केलेल्या ठरावात ८६५ आहे. लेखक म्हणाले, मोठा ठेवा, मागणी तीच आहे.

मी नाही म्हणालो. आकडा वापरायचा तर तो कोणत्या कागदातला, कोणत्या वर्षाचा, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. लेखकांनी आवाज चढवला. ते जुन्या चळवळीतले, तुरुंगात जाऊन आलेले. “तुम्ही त्यांच्या वकिलासारखं बोलताय” असं म्हणाले. लागलं.

रात्री शांतपणे लिहिलं ते असं. १९४६ला याच शहरात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून इथं मराठीत छापलेलं प्रत्येक वाक्य कोणी ना कोणी पुरावा म्हणून पुढे करतं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमाप्रश्नासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालावर आपली माणसं १९६७ पासून बोट ठेवत आली की निकष सगळीकडे सारखा लावला नाही. मग सारखा निकष आपण आपल्या पुस्तिकेला लावायला नको? आपल्या बाजूला सोयीचा आकडा असतो तेव्हा वाचक तक्रार करत नाही, उलट टाळ्या मिळतात. म्हणून अशी चूक वहीत कधीच येत नाही. ती संपादकानंच शोधायची असते.

नियम : पुस्तकाची जी बाजू आहे तिला अनुकूल असलेले आकडे आणि अवतरणं आधी तपासायची, प्रतिकूल नंतर.

६ ऑगस्ट

लेखकांचा सकाळी फोन. दोन्ही आकडे ठेवले, दोन्हींचा उगम लिहून दिला. कालच्या शब्दाबद्दल काही बोलले नाहीत. मीही काढला नाही.

२० ऑगस्ट

त्याच पुस्तिकेत १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनासंबंधी एका अधिकाऱ्याचं म्हणून एक पत्र आहे. झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ कोणाकडे आहे, माहीत नाही. पत्र खरं असेल तर खळबळजनक.

वगळलं. या बाबतीत मराठी पत्रकारितेचा जुना धडा जवळच्याच कोल्हापूरचा आहे. तिथल्या दिवाणांच्या नावावरची पत्रं टिळक-आगरकरांनी खरी मानून छापली. ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतूबद्दल त्यांच्यावर कोणी शंका घेतली नाही, पण हेतूनं पत्र खरं झालं नाही. आमच्या नियमात आता आहे : मूळ कागद संपादकानं डोळ्यांनी पाहिलेला असावा, नाहीतर ‘मूळ पाहिलेले नाही’ असं तिथंच छापावं, आणि एखाद्या माणसावर आरोप असेल तर मूळ पाहिल्याशिवाय छापूच नये.

४ सप्टेंबर

गणपती. पाच दिवस काम बंद होतं, आज अर्धाच दिवस बसलो. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो आणि जोडाक्षरं तुटतात. हुतात्म्यांच्या यादीत एकाचं आडनावच बदललं होतं. अशा याद्या यापुढे दोघांनी, एकानं मोठ्यानं वाचून आणि दुसऱ्यानं छापील जुन्या प्रतीवर बोट ठेवून तपासायच्या.

१६ सप्टेंबर

पैशाचा भाग. इथं अण्णा अडले.

आमच्याकडची बरीच पुस्तकं लेखक स्वतःच्या पैशानं काढतात. निवृत्त शिक्षक फंडातून देतात, कोणी दागिना मोडतो. त्यात लाजिरवाणं काही नाही. पण पुस्तकावर ते कुठंच येत नाही, आणि वाचक, परीक्षक, ग्रंथालय समजतात की आम्ही निवडून, स्वतःचे पैसे घालून काढलं. माझं म्हणणं होतं : प्रकाशनपानावर ‘लेखकाच्या खर्चाने प्रकाशित’ असं छापायचं.

अण्णा म्हणाले, “अरे, मग कोण येईल आपल्याकडं? गावच्या संमेलनात पुस्तक हातात घेऊन त्या माणसाला मान वर करून उभं राहायचं असतं. त्याचा तेवढा तरी आनंद ठेव.”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, हिवाळ्यात गावोगावी संमेलनं भरतात आणि मंडपात पहिलं पुस्तक हातात धरलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला आहे. तीन दिवस बोलणं झालं. शेवटी तोड निघाली ती अण्णांचीच : प्रत्येक पुस्तकावर छपाईचा खर्च कोणी केला ते लिहायचं. प्रकाशनाचा, लेखकाचा, की दोघांचा. सगळ्यांवर आलं की कोणा एकाची मान खाली जात नाही.

त्याच बैठकीत आणखी काही ठरलं. किती प्रती छापल्या तो आकडा छापायचा. मजकूर बदलला तरच ‘आवृत्ती’, नाहीतर ‘पुनर्मुद्रण’. आमची ती ‘दुसरी आवृत्ती’ पुनर्मुद्रणच होती. प्रत्येक लेखकाशी लेखी करार. कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. आमचे तोंडी व्यवहार कितीतरी जुने आहेत, ते हक्क आमचे आहेत असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? जिवंत लेखकांना किंवा वारसांना पत्रं जातील, दर एप्रिलला खपाचा हिशेब जाईल, शून्य असला तरी.

८ ऑक्टोबर

तक्रारीवर निर्णय कोणी द्यायचा? आजवर ज्यानं चूक केली तोच न्याय करत आला.

वृत्तपत्रांत याला वाट आहे. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या दैनिकानं १९६७ला वाचकांच्या बाजूचा माणूस नेमला, लंडनच्या ‘गार्डियन’नं १९९७ला, आपल्याकडे ‘हिंदू’नं २००६ला. त्यातून आम्ही घेतलं ते पदाचं नाव नव्हे, त्यामागची अट : संपादकाला त्याच्या निर्णयात हात घालता येत नाही.

खानापूर तालुक्यातल्या निवृत्त शिक्षिकेला विचारलं. त्यांच्याकडे व्याकरण शिकलेली माणसं अर्ध्या तालुक्यात आहेत. बाईंनी मसुदा दोनदा वाचला, मग विचारलं, “मला काढायचं झालं तर कसं काढाल?” उत्तर तयार नव्हतं. त्यांनीच सांगितलं : दोन वर्षं काढायचं नाही, मानधन आधी ठरवून द्यायचं आणि ते खपावर अवलंबून नको, निर्णय लिहीन तो काना-मात्रा न बदलता छापायचा.

मग म्हणाल्या, “कन्नडमधून तक्रार आली तर घ्याल?”

मी हो म्हणालो, अण्णांनीही. उत्तरही कन्नडमधून जाईल. मसुद्यात हे कसं सुटलं होतं याचं आश्चर्य वाटतंय, कारण आमचे बाइंडरमामा कन्नड बोलतात आणि आमच्या मराठी पुस्तकांतली पानं उलटसुलट लागली तर सर्वांत आधी त्यांनाच दिसतं.

मुदती ठरल्या. पोच ७ दिवसांत, निर्णय ३० दिवसांत. चूक मान्य झाली की शिल्लक प्रतींत शुद्धिपत्र चिकटवल्याशिवाय एकही प्रत बाहेर जाणार नाही. ज्या वाचनालयांना पुस्तक दिलं त्यांना टपालानं. वही दुकानात काउंटरवर उघडी.

१ नोव्हेंबर

काळा दिन. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडे आपली निषेध फेरी. दुकान बंद. घरी बसून नियमांचं शेवटचं प्रूफ वाचलं. छापील चार पानं झाली.

२४ नोव्हेंबर

नियम छापून झाले. दुकानात, सार्वजनिक वाचनालयाच्या फलकावर, आणि नव्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी. खाली तिघांची नावं : प्रकाशक, संपादक, वाचक-प्रतिनिधी. पहिल्याच पुस्तकात बाईंचा पहिला निर्णय आहे, निपाणीच्या पुस्तकाबद्दल. त्यात माझं नाव घेऊन चूक लिहिली आहे. ‘संपादकांनी विचारायला हवे होते, विचारले नाही.’ वाचताना छातीत कळ आली. एक अक्षर बदललं नाही.

एका ओळखीच्या प्रकाशकांचा फोन : “स्वतःच्या हातानं दुकान बुडवायला निघालात.” त्यांना चार पानं पाठवली.

३ डिसेंबर

फेरछपाईचा फर्मा लागला. निपाणीला आजींना नवी प्रत दिली. नातीनं ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. नव्या नावावर आजी थांबल्या. ते नाव त्यांनीच सुचवलेलं, त्यांच्या आईचं.

९ डिसेंबर

नंदगड. शाळेच्या कपाटातल्या दोन प्रतींत शुद्धिपत्र चिकटवलं, मग त्या गृहस्थांच्या घरी गेलो. शुद्धिपत्रावर लिहिलंय : चूक काय, बरोबर काय, चूक प्रथम कधी कळवली गेली, आम्ही किती काळ सुधारली नाही. कळवणाऱ्याचं नाव घालू का, असं आधी विचारलं होतं, ते नको म्हणाले होते. ‘नंदगडच्या एका वाचकाने’ एवढंच आहे.

त्यांनी खळ स्वतः लावली, कागद पानावर ठेवला, अंगठ्यानं कडेपर्यंत दाबला, वर पाटी ठेवली. चहा झाला. निघताना म्हणाले, “जरा थांबा,” आणि तेच पुस्तक पुढं उघडलं. हलशीवरचं प्रकरण. समासात पेन्सिलीची बारीक खूण.

“हे बी एकदा बघून घ्या.”

वहीत क्रमांक ३८. तारीख घातली, पान घातलं, पोच तिथंच लिहून त्यांच्या हातात दिली.